पाण्यामागच्या दोन बाटल्या

मित्रांनो, मी एक जुना लाल फ्रीज आहे. ही गोष्ट २००६ सालची. थंड पेयांच्या कंपनीने मला शाळेच्या कँटीनमध्ये फुकट आणून ठेवले होते. मधल्या सुट्टीत मुले माझ्या काचेला नाक लावून उभी राहत. काय माझा रुबाब!

त्या वर्षी आरोग्य केंद्राच्या नर्सबाई आल्या. एका बाटलीत किती साखर असते, ते त्यांनी वाटीत ओतून दाखवले. मुलांचे डोळे विस्फारले. शाळेत गोड पेयांना बंदी झाली आणि माझ्या पोटात पाण्याच्या बाटल्या आल्या.

कँटीनच्या मावशींची मुलगी चौथीत होती. गुबगुबीत म्हणून सगळे तिला ठमी म्हणत.

"आई, घसा कोरडा पडलाय गं."

"आत्ता तर प्यायलीस! पोटात विहीर आहे का तुझ्या?" असे म्हणत मावशी पाण्यामागे लपवलेली गोड बाटली काढून तिला देत. आधी एक, मग रोज दोन.

नर्सबाई दर महिन्याला मुलांचे वजन करत. तिसऱ्या महिन्यात ठमी चार किलोंनी उतरली.

"बघा, गोड सोडलं की अशी चवळीची शेंग होते! वाजवा टाळ्या!" मग त्या कँटीनमध्ये आल्या. "मावशी, घरीपण बंद केलंत ना?"

खरे सांगितले तर कँटीन हातचे जाईल, ही मावशींना धास्ती. त्यांनी माझे दार पाठीने झाकले. "हो तर! थेंबसुद्धा नाही."

त्या खरे बोलल्या असत्या, तर रोज दोन बाटल्या पिऊनही पोर वाळते कशी, म्हणून नर्सबाई तिथेच चमकल्या असत्या. मला सारे ठाऊक होते. पण मला वाचा कुठे?

आठ दिवसांनी ठमी माझ्यासमोरच कोसळली. तिला मधुमेह होता आणि ती तहान, ते वाळणे त्याचेच होते, हे इस्पितळात कळले. बाटल्यांनी तो आणला नव्हता, पण वाढवला होता. ठमी इस्पितळातून परत आलीच नाही.

नर्सबाईंनी निवृत्त होईपर्यंत पुन्हा कोणाच्या घटलेल्या वजनाला टाळ्या वाजवल्या नाहीत. आधी विचारत, "तहान फार लागते का रे?"

मित्रांनो, फार तहान लागली तर घरी सांगा, आणि मोठ्यांना खरे बोलायला लावा.

मी आता गंजलो आहे. मावशी थकल्या, पण कँटीन त्याच चालवतात. पाणी मागणाऱ्या प्रत्येक मुलाला विचारतात, "आज कितव्यांदा रे?" मुले हसतात. माझ्या पुढच्या रांगांत मावशी पाणी भरतात. मागची रांग मात्र त्या रिकामी ठेवतात.