एस्किलच्या छपराचं गवत

बोडिलच्या अंगणात समुद्रगवताचा एक ढीग होता आणि अख्ख्या लेसो बेटाचा त्यावर डोळा होता. असणारच. गवतावर काळे डाग पडायला लागल्याला तीन वर्षं झाली. आधी पानं गळाली, मग मुळं सुटली, आणि त्यानंतरच्या शरदात वादळं येऊन गेली तरी किनाऱ्याला गवत न लागता नुसती वाळू लागली. एखादं वर्ष असं जायचंच, असं म्हणून लोकांनी वाट पाहिली. मग वाम मासळी मिळेनाशी झाली, गवतात लपणारी मासळीची पिल्लं दिसेनाशी झाली, आणि हिवाळ्यात येणारी काळी बदकं उपाशी फिरून निघून गेली. तेव्हा कुठे सगळे आपापल्या छपरांकडे बघायला लागले.

मिठासाठी समुद्राचं पाणी उकळायच्या नादात वाडवडिलांनी बेटावर झाड म्हणून ठेवलं नव्हतं. शहाणेच ते! मग घरं शाकारायची कशानं, गाद्या भरायच्या कशानं, भिंतीच्या फटी बुजवायच्या कशानं? समुद्र देईल त्यानंच. आणि आता समुद्रानं हात वर केले होते.

बोडिलनं तो ढीग लेकासाठी जमवला होता. शेवटचं गवत आलं त्या शरदात कमरेएवढ्या गार पाण्यात उभी राहून तिनं ते दाताळ्यानं ओढलं होतं. एस्किलचं घर पलीकडच्या माळावर उभं होतं, भिंती झालेल्या, वासे चढलेले, फक्त वर आभाळ. "एक खेप करून येतो," तो म्हणाला होता. "छपराच्या दिवशी बायकांना कॉफी मी वाढणार, आई. तू नुसती बसून हुकूम सोड." त्या हिवाळ्यात त्याचं जहाज गेलं ते गेलंच. बुडालं म्हणावं तर फळी सापडली नाही, आहे म्हणावं तर निरोप नाही. त्याच्या बापाचं प्रेत समुद्रानं निदान किनाऱ्यावर आणून टाकलं होतं. पोराचं तेवढंही केलं नाही.

ढिगावर एस्किलचं जुनं शीड घातलेलं होतं. त्याला बोडिल कुणाला हात लावू देत नसे.

घरात तिची सासू मेटा अंथरुणाला खिळलेली. उत्तरेकडचं छप्पर म्हातारीच्याही आधीचं, आता खचलेलं, आणि नेमकं तिच्या खाटेवर गळायचं. खाट दुसरीकडे सरकवावी तर तिथेही गळे. बोडिल बादल्या मांडायची, उपसायची, परत मांडायची.

"बोडिल, म्हातारी भिजतेय," शेजारची थीरा एकदा दारातच म्हणाली. छपरं शाकारायला आता बोडिलच्या जागी तीच पुढे असायची. "आणि बाहेर अख्ख्या छपराचं गवत पडलंय. अंडी घालणार आहे का तो ढीग?"

"ते एस्किलचं आहे."

"आहे ना. मी कुठे नाही म्हणते? पण एस्किल..."

"पुढे बोलू नकोस, थीरा."

आतून मेटाचा आवाज आला, "पोराच्या गवताला कुणी हात लावायचा नाही. माझं काय, आज आहे, उद्या नाही."

तेवढ्यानं बोडिलला धीर यायचा. दोघी मिळून वाट बघताहेत असं तिला वाटायचं.

एका सकाळी तिनं सासूचं पांघरूण उचललं तर ते जड लागलं. गादी ओलीचिंब, म्हातारीचे पाय निळे पडलेले. बादली भरून वाहिली होती.

"आई, हाक का नाही मारलीत?"

"तू उठली असतीस," मेटा दात वाजवत म्हणाली. "मग खिडकीशी जाऊन त्या ढिगाकडे बघत बसली असतीस. मग रडली असतीस. त्यापेक्षा ओलं बरं."

बोडिलनं तिचे पाय लोकरीत गुंडाळून चोळले. ते उबदार झाल्यावरच तिनं हात थांबवला. मग डोक्याला रुमाल बांधून थीराच्या दारी गेली. "बायकांना बोलाव," एवढंच म्हणाली.

बायका आल्या. छप्पर म्हणजे बायकांचं काम. पुरुषांनी वासे चढवावे आणि बाजूला व्हावं. कॉफी झाली, केक झाला, बाह्या वर गेल्या. गवत पिळून पहिली पेंढी वळायच्या आधी विचारायची रीत असते, आणि ज्याचं नाव घेतलं जाईल त्याचंच ते गवत. थीरानं ढिगापुढे उभं राहून विचारलं, "छप्पर कोणाचं?"

बोडिलनं शिडाकडे पाहिलं. तीन वर्षं तिनं या प्रश्नाचं एकच उत्तर जपलं होतं. बायका थांबल्या.

"मेटाचं," ती म्हणाली. आणि मग, कुणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, "एस्किलला आता लागायचं नाही."

थीरानं तोंड फिरवलं. मग कामाला आलेल्या दोघी तरुण पोरींनी शीड ओढून काढलं.

आधी वास आला. वरचा थर बोटभर बरा होता. त्याखाली हात घातला तर गरम, काळा चिखल. थीरा दंडापर्यंत हात घालून इकडे शोधत होती, तिकडे शोधत होती.

"पावसात धुतलं नव्हतंस?" तिनं विचारलं.

"एक भुरभुर लागली होती तेवढीच."

"बोडिल! मीठ राहिलं की गवत पाणी धरतं आणि कुजतं. अगं, या पोरींना हे शिकवलं कुणी? तूच ना?"

"मीच," बोडिल म्हणाली. हिवाळाभर माळावर पसरायचं, पाऊस खाऊ द्यायचा, उलटायचं, मग वाळवून रचायचं, हे तिला झोपेत विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. पण त्या वर्षी कुणाच्या तरी माळावरचं पसरलेलं गवत रातोरात निम्मं झालं होतं. लेकाचं एक पातंही जायला नको म्हणून तिनं घाईनं रचलं आणि वर शीड ओढलं. त्याचं जहाज आलं नाही तेव्हापासून तर ते उघडायची छातीच झाली नाही.

शीड एका कोपऱ्यात फाटलं होतं. तिथून पाऊस आत जाऊन जेवढ्याचं मीठ धुतलं होतं तेवढंच गवत चांगलं निघालं, पांढरट, चिवट, जसं असावं तसं. एका पेंढीपुरतं. बायकांनी ती निमूटपणे वळली. बोडिल स्वतः शिडीवर चढली आणि म्हातारीच्या खाटेवरच्या भोकात ती हातानं कोंबून बसवली. बायका चिखलाकडे न बघता एकेक करून घरी गेल्या.

ती आत आली तेव्हा मेटा जागी होती.

"माझं नाव घेतलंस," म्हातारी म्हणाली. "ऐकलं मी."

"हो."

"त्याचं का नाही घेतलंस?"

"तो यायचा नाही, आई."

मेटानं वरच्या नव्या पेंढीकडे पाहिलं. "मला पहिल्याच वसंतात कळलं होतं," ती म्हणाली. "तुला कळेपर्यंत थांबले होते."

बोडिल खाटेच्या कडेला बसली. "मग बोलला का नाहीत? तेव्हा उघडलं असतं तर गवत हाताशी होतं. तुम्ही तीन हिवाळे भिजलात, आई."

"तू वाट बघत होतीस गं. तुझ्या तोंडावर मी कशी म्हणू?"

बाहेर पुन्हा पाऊस लागला. नवी पेंढी बसली होती तिथून गळलं नाही. मग वीतभर पलीकडे, भिंतीच्या बाजूला, पाणी टपकायला लागलं. बोडिल बादली आणायला उठायला लागली तशी मेटानं तिचा हात धरला, कशीबशी भिंतीकडे सरकली आणि खाटेची कोरडी बाजू मोकळी केली.

"राहू दे बादली," ती म्हणाली. "ये, इकडे पड. आता रड."