भाच्याचं रक्त

माझी नणंद प्रियदर्शनी डॉक्टर आहे, पण नांदूरघाटात तिच्याकडून आजवर कुणाला सर्दीची गोळीसुद्धा मिळालेली नाही. सुट्टीला आली की ओट्यावर माणसं जमायची. कुणी गुडघा दाखवायचं, कुणी जीभ. ती हसून सांगायची, मी त्यातली नाही, मी जीवरसायनशास्त्रातली. हैदराबादला प्रयोगशाळेत एन्झाइमवर काम करते. "मंग दवाखाना कावून टाकीना बाई?" असं विचारून, चहा पिऊन लोक जायचे. मीही तिला चिडवायचे. मला तो हक्क दुहेरी होता, कारण ती नणंद व्हायच्या आधीपासून माझी आतेबहीण. मी आत्याच्याच घरात सून म्हणून आले. आमच्याकडे तशी रीतच आहे, मामाच्या मुलीवर पहिला हक्क भाच्याचा.

त्या रीतीने मला भरलं घर दिलं आणि माझा मुलगा नेला. पूर्वी मी असं बोलत नव्हते, आता बोलते. सोमेश्वर पहिले काही महिने छान होता. बसायला लागला, हसायला लागला. मग बसेना. भांडं पडलं की दचकून दोन्ही हात फेकायचा. पुढे नजर गेली, घास गिळेना. चौथं वर्ष लागलं आणि गेला. सासऱ्यांनी, मोहनरावांनी, तोवर सगळी देवस्थानं पालथी घातली होती. प्रिया तेव्हा एमएस्सी करत होती. काय झालं होतं ते शेवटी तिनेच शोधून काढलं. मेंदूच्या पेशींत एक प्रकारची चरबी साचते, ती मोडणारं एन्झाइम सोमूत नव्हतं. बिघडलेलं जनुक आईकडून आणि बापाकडून, दोघांकडून आलं तरच असं होतं. एकाकडूनच आलं तर माणूस धडधाकट जगतो, त्याला पत्ताही लागत नाही. माझे वडील आणि माझी सासू सख्खी भावंडं. ते जनुक दोन वाटांनी एकाच घरात आलं होतं.

प्रियाने पुढचं सगळं आयुष्य त्या एका एन्झाइमला दिलं. लग्न केलं नाही. परदेशात जाऊन आली, निबंध छापले, पोरं तिच्या हाताखाली पीएचडी झाली. औषध काही अजून सापडलेलं नाही.

आता मुलीचं सांगते. संस्कृती माझी थोरली, सोमूची बहीण. तिला मागणी आली ती पाटोद्याहून, माझ्या थोरल्या नणंदेकडून, विजयमालाआक्काकडून. आक्काचा एकुलता एक मुलगा शिवशंकर. घरात राजकारण, दारात दोन गाड्या. आमच्या घरी सगळ्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी मात्र सांगितलं, आधी दोघांचं रक्त प्रिया तपासेल, मग सुपारी फुटेल. माझ्या नवऱ्याने, बजरंगने, डोळे वटारले. मी शाळेत पोरांना वटारते तसे परत वटारले.

संस्कृतीचं रक्त प्रियाने स्वतः काढून नेलं. शिवशंकर तेव्हा गावी नव्हता, म्हणून त्याचं मागून पाटोद्याहून आलं, जांभळ्या टोपणाच्या नळीत, बर्फात घालून. काही आठवड्यांनी प्रियाचा फोन आला.

"संस्कृतीत एक जनुक बिघडलेलं हाय, तुझ्यासारखंच. शिवात न्हाई. लेकरांना धोका न्हाई, खुशाल लगीन कर."

मी आक्काला कळवलं तर आक्का म्हणाली, "दोष असला म्हून काय झालं? पोरगी आपलीच हाय. आमी पदरात घेतो." माझे डोळे भरून आले. लग्नात मी तिच्या पाया पडले, त्या एका वाक्यासाठी. ते आठवलं की आजही माझं मस्तक फिरतं.

नातू झाला. गोरा, गुटगुटीत, माझ्या सासऱ्यांचं नाक घेऊन आलेला. सात महिन्यांचा असताना संस्कृतीने मला पाटोद्याला बोलावून घेतलं. "आई, ह्याच्याकडं बघ," एवढंच बोलली आणि ताटली फरशीवर टाकली. बाळाचे दोन्ही हात वर फेकले गेले. मला कुणी काही सांगायची गरज उरली नाही. अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी डोळ्यात बॅटरी धरून पाहिलं, पडद्यावरचा लाल ठिपका, ह्याच आजाराची खूण, त्यांना दिसला, आणि ते आमच्याकडे न बघता कागदावर लिहायला लागले.

प्रिया दुसऱ्याच दिवशी आली. बाळाला मांडीवर घेतलं, कानाशी हलकी टाळी वाजवली आणि खाली ठेवलं. मग मला हाताला धरून आक्काच्या स्वयंपाकघरात नेलं. 

"वनमाला, हे व्हायलाच न्हाई पायजे. शिवा आक्काचा न्हाई."

मला वाटलं हिला भ्रम झाला.

मग तिने सांगितलं. प्रयोगशाळेत नळ्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून नात्याची खूण तपासतात. मावशी आणि भाचा यांच्यात साधारण चौथा हिस्सा सारखा निघतो. शिवाच्या नळीत आणि तिच्या स्वतःच्या रक्तात काहीच सारखं निघालं नाही. परकं माणूस. तिने लगेच आक्काला फोन केला, रक्त शिवाचंच ना? आक्का म्हणाली, माझ्या डोळ्यांदेखत काढलं. मग प्रियाने दुसरं अनुमान काढलं. आक्काला नऊ वर्षं मूल नव्हतं. मग एकदा ती कितीतरी महिने हैदराबादला उपचारासाठी राहिली आणि बाळ घेऊनच परतली. म्हणजे बाळ कुणाचं तरी आणलेलं. आक्काच्या अब्रूचा प्रश्न. आणि प्रियाच्या धंद्याचाही तोच नियम, तपासणीत आईबापाचं असं काही उघड झालं तर तोंडातून काढायचं नाही.

"उलट मला बरं वाटलं," ती म्हणाली. "रक्ताचा न्हाई, म्हंजे ते जनुक त्याच्यात यायचा सवालच न्हाई. आक्काची झाकली मूठ ऱ्हाईल आन् आपल्या पोरीचं भलं होईल."

"अगं, आक्काचं बाळंतपण मी केलं," मी म्हणाले. "तुझी परीक्षा होती म्हणून तुला कुणी काही कळवलं नाही, आत्याने मला हैदराबादला धाडलं होतं. पोट मी बघितलंय, कळा मी बघितल्यात. शिवाला पहिली अंघोळ मी घातली."

तिने मला एका शब्दाने विचारलं असतं तर. पण असं विचारायचं नसतं, आमच्या घरातही नाही आणि तिच्या प्रयोगशाळेतही नाही. शिवाच्या तोंडावर तिच्या बापाचं नाक आहे, आंधळ्यालाही दिसेल. ह्या बाईने नळीवर विश्वास ठेवला, नाकावर नाही. मला तिला झोडपावंसं वाटत होतं आणि पोटाशी धरावंसंही. मी दोन्ही केलं नाही, आक्काला हाक मारली.

आक्का आली. प्रियाने एकच विचारलं, ती नळी कुणाची होती?

आक्काने ओट्याच्या कडेवरून हात फिरवला. मग खाली बसली.

"बंकटची. डायवरची."

"कावून, आक्का?"

"शिवाच्या रक्तात खोट निघाली असती तर वनमालानं पोरगी दिली असती का? आन् ते गावभर झालं असतं. इलेक्शन तोंडावर होतं. एकुलत्या एक पोराला कोन पोरगी देतं मग?" तिने पदर तोंडाला लावला. "मला वाटलं, त्याच्यात कुठं असनार. धडधाकट हाय पोरगा."

"मी फोन केलता," प्रिया म्हणाली. "मी विचारलं तुला."

"तू बहीण हायेस म्हून खोटं बोलले. परक्या डाक्टरनं विचारलं असतं तर भ्याले असते."

शिवशंकर बाहेर ओसरीवर होता. आपल्याला सुई टोचलीच नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं. ह्या घरात न बोलण्याची सगळ्यांना किती हौस, आणि फेडणार कोण, तर ते लेकरू. मी आक्काला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. एकही शब्द मागे घेणार नाही.

मागे वळले तर दारात संस्कृती उभी होती, बाळ खांद्यावर. कधीपासून होती कोण जाणे. प्रिया पुढे झाली. 

"संस्कृती, पुढच्या वेळंला पोटात असतानाच, तिसऱ्या महिन्यात तपासता येतं. मी सोता करीन. पुढचं लेकरू..."

"पुढचं नको सांगू, आत्या," संस्कृती म्हणाली. "हा हाय अजून."

ती आक्काला ओलांडून आत आली, आक्काकडे बघितलंही नाही. सोमू गेला तेव्हा ती दुसरीत होती. पुढे काय काय होणार ते तिला पाठ होतं. ती माझ्यासमोर बसली आणि बाळ माझ्या हातात दिलं.

"आई, सोमूला घास अडकाया लागला तवा तू त्याला कसं धरायचीस? आत्ताच दाखवून ठेव. मंग घाई व्हईल."

मी भिंतीला टेकून मांडी उंच केली. बाळाला आडवं घेतलं, मानेखाली हात घातला आणि हनुवटी किंचित छातीकडे कशी झुकवायची ते तिला दाखवलं.