डुकराच्या गाण्याचं तिसरं कडवं

न्यूयॉर्कचे दोन मनोरे पडले, त्यात व्हर्लनची मुलगी मार्ला गेली. ती तिथेच कामाला होती. त्यानंतर आमच्या केंटकीच्या डोंगरात जो तो रडकी गाणी गाऊ लागला.

होबार्ट आमचा न्हावी. त्याच्या दुकानात गुरुवारी संध्याकाळी आम्ही कंट्री, म्हणजे इकडची गावरान गाणी वाजवायला गोल बसतो. त्याची गिटार, त्याच्या बायकोचा, डेल्फियाचा बँजो, व्हर्लनचं व्हायोलिन आणि माझा जाड तारांचा बास. ज्याची पाळी, त्याने गाणं सांगायचं. व्हर्लन पाळी आली की नुसती मान हलवायचा, आणि आम्ही पुढे जायचो. आणि गायचो काय, तर देवाघरची गाणी, आईच्या थडग्याची गाणी. एरवी गाढवांवर आणि मेव्हण्यांवर गाणारा होबार्टसुद्धा डोळे मिटून भजनं म्हणायचा. आम्ही रडायचो. व्हर्लन मात्र कोरडा.

ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी तो व्हायोलिनची पेटी न उघडताच उठला.

"मी आता येणार नाही."

"का रे? आमचं काही चुकलं?" डेल्फियाने विचारलं.

"दर गुरुवारी माझ्या पोरीला नव्याने पुरता तुम्ही. घरी निदान कुत्रं तरी शेपूट हलवतं."

डेल्फिया म्हणाली, "बरं, जा. पण आजची पाळी घेऊन जा. काय वाजवू?"

तो दाराशी थांबला. "डुकराचं."

"लग्नातला केक खातं ते?" होबार्ट दचकला. "आत्ता? लोक काय म्हणतील?"

"मार्ला तेच मागायची. आणि लोक कोण? तू, तुझी बायको आणि हा बासवाला. याला तर ऐकूही येत नाही."

"तुझं बेसूर तेवढं येतं," मी म्हणालो.

डेल्फियाने बँजो छेडला. होबार्टने दोन कडवी रेटली आणि तिसऱ्याला अडला.

"मार्लाचं तिसरं वेगळं होतं," म्हणत व्हर्लनच गाऊ लागला. तिच्या कडव्यात डुक्कर पाद्रीबाबांची विजार घालून नवरीशेजारी उभं राहतं, आणि नवरी म्हणते, आधीच्यापेक्षा हा बरा. डेल्फिया इतकी हसली की बँजो मांडीवरून घसरला. व्हर्लनही हसला, आणि हसता हसता त्याचा आवाज चिरकला. भिंतीकडे तोंड करून तो हुंदके देऊ लागला.

गाणारा अडला तर आमच्यात वाजवणं थांबवत नाहीत. तो परत येईपर्यंत तीच ओळ फिरवत राहायची. आम्ही फिरवत राहिलो. माझी बोटं सोलवटली.

"आवर रे बाबा," होबार्ट ओरडला, "नाहीतर डुकराचं बेकन होईल!"

व्हर्लन नाक पुसत वळला आणि भलत्याच ठिकाणी गाण्यात शिरला, ताल सोडून. आम्ही तिघं धडपडत त्याच्या मागे गेलो.

कडवं संपलं तसं त्याने खुर्ची ओढली, व्हायोलिन काढलं आणि तारा जुळवायला घेतल्या.

"फार पळता रे तुम्ही," तो म्हणाला. "चला, पुन्हा पहिल्यापासून."