माझी वाइन, त्यांचा मासा

मी जन्मात मासा खाल्लेला नव्हता आणि मुनाफचाचांनी जन्मात दारूचा थेंब घेतलेला नव्हता. तरी आखाती किनाऱ्यावरच्या झल्लाकच्या आमच्या हॉटेलात कुठल्या माशाबरोबर कुठली वाइन द्यायची, हे नऊ वर्षं आम्ही दोघांनीच ठरवलं. चाचा मूळचे रत्नागिरीचे, हॉटेलातले सगळ्यात जुने आचारी. मी पुण्याची, वाइन निवडून वाढणारी. आमच्या घरात माशाचा वासही चालत नसे. वाइनबद्दल मात्र आजोबा काहीच सांगून गेले नव्हते, म्हणून मी त्या वाटेला लागले.

दुपारी तीन ते सहा रेस्टॉरंट बंद असायचं. तेव्हा आम्ही समुद्राकडच्या खिडकीपाशी बसायचो. बाहेर ओहोटी, आणि असं धुरकट ऊन, की पाणी कुठे संपतं नि आभाळ कुठे लागतं ते कळू नये. मी एक घोट तोंडात घोळवायचे आणि डोळे मिटून सांगायचे.

"मस्कादे," मी पहिल्यांदा सांगितलं होतं. "फ्रान्सची, समुद्राजवळच्या मळ्यांतली. गोडवा अजिबात नाही. हिरव्या सफरचंदाची साल, ओला पाटा, आणि शेवटी जिभेवर मिठाचा खडा."

चाचांनीही डोळे मिटले. "मग नारळ नको गो बाय. नारळ हिला झोपवील. लाल मसाला तर हिला खाऊनच टाकील. शिंपल्यातल्या तिसऱ्या दे, नुसत्या वाफवलेल्या, वर थोडी लसूण. नाहीतर इथली सफी मासळी तळून, लिंबू बाजूला."

"सफी कशी लागते?"

मग ते सांगत. शेवाळ खाऊन वाढलेली, कडेला किंचित कडवट, आत मऊसूत, आणि कातडी दाताखाली पापडासारखी मोडणारी. ऐकताना माझ्या तोंडाला पाणी सुटायचं आणि स्वतःचाच राग यायचा. पाहुणे खूश होऊन जात. आम्ही दोघं मात्र अर्धंच जेवण जेवायचो, उरलेलं कानांनी.

या वर्षी चाचांचा व्हिसा हॉटेलने वाढवला नाही. वय झालं, खलास. त्यांच्या जागी ताहिर येणार होता. भला माणूस, पण सफी कशी लागते विचारल्यावर म्हणाला, "मॅडम, फिश जैसी." मॅनेजरने मला स्पष्टच सांगितलं, शनिवारपासून मासा स्वतः चाखायचा, नाहीतर वाइनचं काम दुसऱ्याला. मला ते काम जिवापलीकडे आवडत होतं. घरचं सोवळं गेलं तर जाऊ दे, मी ठरवलं, पण पहिला घास चाचांच्या हातचा हवा.

गुरुवारी दुपारी त्यांनी शेवटची सफी तळून आणली. मी मस्कादे उघडली. ते खात होते, मी पीत होते.

"मीठ आत्ता आलं," मी म्हणाले.

"माझं कडू तिथंच संपलं बघ," चाचा म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले.

मी हात पुढे केला. "चाचा, मला एक घास द्या."

त्यांना मॅनेजरचं बोलणं ठाऊक होतं. तरी त्यांनी ताटली स्वतःकडे ओढून घेतली. "आज नको. तू खाल्लंस तर मी कुणाला सांगू गो?"

शुक्रवारी ते गेले. मी विमानतळावर पोचवायला गेले नाही, रडू आवरलं नसतं.

शनिवारी ताहिरने सफी तळली. मॅनेजर समोर उभा राहिला. मी देवाची माफी मागून घास घेतला. कातडी मोडली, कडेचा कडवटपणा आला, मग तो मऊ भाग. मला नवं काहीच वाटलं नाही. हा मासा मी नऊ वर्षं खात आले होते. मी मस्कादेचा घोट घेतला, मीठ बरोबर त्याच जागी आलं, आणि माझे डोळे भरून आले. मॅनेजरला वाटलं काटा लागला.

तीन वाजता मी खिडकीपाशी बसले होते. रत्नागिरीहून फोन आला.

"काय गो, खाल्लीस काय सफी?"

तोंडात चव अजून होती. बाहेर ओहोटी लागली होती. मी डोळे मिटले.

"नाही चाचा," मी म्हणाले. "कशी लागते, सांगा ना."