ढवळ्याचं दावं

सकाळी हौसाबाईंनी बादलीत पाणी घेतलं, पदर खोचला आणि ट्रक धुवायला लागल्या. आधी काच नाही, दिवे नाहीत, आधी चाकं. दुरून चालून आलेल्याचे पाय आधी धुवायचे, ही त्यांची रीत.

"आई, राहू दे ना," विनीत म्हणाला. "आज बहुतेक परत द्यावी लागणार गाडी. कंपनीवाल्यांना चिखलासकट चालते."

"त्यास्नी चालंल. मला न्हाई चालायचं. दारातनं जाणाऱ्याला मळक्या अंगानं घालवतोस व्हय?"

ट्रक पांढरा, म्हणून त्या त्याला ढवळ्या म्हणायच्या. माणदेशात त्यांच्या माहेरी या नावाचा बैल होता. लग्न करून त्या मोहन्याला आल्या, नवरा दगडू इथल्या कारखान्यात लागला, मग कारखाना बंद पडला, पुढं दगडूही गेला. ओव्या तेवढ्या राहिल्या. चाळीत जातं कुठलं? हौसाबाई तांदूळ निवडता निवडता म्हणायच्या. ट्रक पहिल्यांदा दारात उभा राहिला, तेव्हा हातातलं सूप खाली ठेवून त्यांनी नवीच ओवी बांधली होती:

*ढवळ्या माझा बाई, घाट चढतो कसाऱ्याचा*
*दिवा गं लावीते मी, वाटंवरल्या आसऱ्याचा*

आणि खरंच, विनीत कसारा घाटात असेल तेव्हा देवापुढचा दिवा त्या विझू द्यायच्या नाहीत.

ट्रक विनीतचा होता आणि नव्हताही. गाडी एका कंपनीची, भाडेपट्ट्यावर घेतलेली. चार वर्षं दर महिन्याला हप्ता भरायचा, मग कागद विनीतच्या नावावर. मधे हप्ते थकले तर गाडी परत, आणि तोवर भरलेलं सगळं नुसतं भाडं म्हणून गेलं. सुरुवातीची अनामत हौसाबाईंच्या पाटल्या मोडून भरलेली. त्यांनी स्वतःच हातातून उतरवल्या होत्या, साबण लावून. "बैल घ्यायचा तर दागिना मोडतोच की," एवढंच म्हणाल्या होत्या.

सोळा-सतरा वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या चालवलेल्या विनीतला वाटलं होतं, रस्ता आपल्याला पाठ आहे, आता नफाही आपला. पण भिवंडीच्या गोदामातून माल भरून नाशिकला जायचं आणि बऱ्याचदा रिकामं परतायचं. रिकाम्या गाडीलाही डिझेल लागतं. टोल लागतो. घाट टायर खातो. विमा, पासिंग, माल मिळवून देणाऱ्या रतनशेठची दलाली. आणि एवढं करून भाड्याचे पैसे महिना-दीड महिन्यानं हातात. हप्त्याला मात्र तारीख पाठ.

एकदा बायको सोनल त्याच्याशेजारी बसून हा सगळा हिशेब ऐकत होती. म्हणाली, "अरे, हे सगळं कापलंस. यात तुझा पगार कुठाय?"

"मालकाला कुठं पगार असतो गं?" विनीत हसला होता.

सोनल नव्हती हसली.

तरीही गाडा चालला असता. रतनशेठनं त्याला एका औषध कंपनीची रोजची लाइन मिळवून दिली होती. जाताना औषधं, येताना रिकामे क्रेट, दोन्हीकडचं भाडं. पाच-सहा महिने हप्ता वेळेवर गेला. सोनलनं खिडकीच्या जाळीत मोगऱ्याची कुंडी आणून लावली.

मग बेंदूर आला.

बेंदराला बैलाच्या मानेवर जू ठेवायचं नाही. त्या दिवशी हौसाबाईंनी ट्रकला हळद-कुंकू लावलं, आरशांना गोंडे बांधले, पुरणपोळीचा नैवेद्य बॉनेटवर ठेवला. विनीत बूट घालत होता तर म्हणाल्या, "आज त्याला बाहीर काढू नगंस, लेकरा. वरीसभर राबतंय बिचारं. येक दिस."

त्यांचा तो चेहरा. उघड्या मनगटाचे ते हात, नैवेद्याचं ताट धरलेले. विनीतनं रतनशेठला फोन केला, गाडी बिघडलीय म्हणून सांगितलं. त्या दिवशी तातडीचा माल होता. दुसऱ्याची गाडी लागली, आणि ती लागली ती लागलीच. लाइन गेली.

हे त्यानं आईला कधीच सांगितलं नाही. मंदी आहे म्हणाला.

आता मार्गशीर्ष निम्मा सरला होता. दोन हप्ते थकले होते. कंपनीच्या यार्डावरचा मुकुल फोनवर म्हणाला होता, "आज एक तरी भरा दादा. मग मी साहेबांकडून महिनाभर मुदत मागू शकतो. नाहीतर गाडी जमा करा." विनीतचे तीन फेऱ्यांचे पैसे रतनशेठकडे अडकले होते. ते मिळाले तर एक हप्ता होत होता. जास्त नाही, पण होत होता.

"मी बी येती," हौसाबाई म्हणाल्या.

"अहो आई, यार्डात ऊन असतं, बसायला जागा नसते," सोनल म्हणाली.

"सासरी पोचवायला मानूस नगं?"

सोनलनं भाकरी फडक्यात बांधून दिली आणि डबलड्युटी सांगून कामावर गेली. जाताना तिनंही ट्रकच्या दारावर हात टेकवलेला विनीतनं आरशात पाहिला.

नदी ओलांडून ते शहाडला आले. रतनशेठचं ऑफिस म्हणजे टायरच्या दुकानामागची खोली. विनीतनं गाडी दारासमोरच लावली. हौसाबाई केबिनमध्ये बसून राहिल्या, खिडकीची काच खाली.

रतनशेठ बाहेरच चहा पीत होता. "ये ये, मालक! चहा घे."

"शेठ, चहा नको. आज पैसे द्या. गाडी चाललीय यार्डात."

"अरे, पार्टीनं मला दिले की मी तुला देणार ना? माझ्या खिशात छापखाना आहे का? पुढच्या आठवड्यात बघू."

"पुढच्या आठवड्यात मी पैसे घेऊन काय करू? गाडी आज जातेय."

रतनशेठनं कप खाली ठेवला. माणूस वाईट नव्हता. वाईट वाटलं की आवाज चढायचा त्याचा. "मला नको ऐकवू, विनीत! सोन्यासारखी लाइन दिलेली तुला. बेंदराच्या दिवशी गाडी बिघडली म्हणालास. मला काय कळत नाही? माझा माणूस मोहन्यावरून आलेला, गोंडे लावून उभी होती नवरीसारखी! त्या एका दिवशी गाडी काढली असतीस ना, आज हप्त्यासाठी माझ्या दारात नसतास."

"हळू बोला ना, शेठ."

"का हळू? खोटं बोलतोय का मी?"

विनीतनं वर पाहिलं. हौसाबाई समोर रस्त्याकडं बघत होत्या. पदर डोक्यावर नीट ओढून घेत होत्या. ऐकलं की नाही, चेहऱ्यावरून काही कळेना.

रतनशेठनं खिशातून होत्या तेवढ्या नोटा काढून त्याच्या हातात कोंबल्या. "हे ठेव. माझे आहेत, पार्टीचे नाहीत." हप्त्याच्या त्या पाव पण नव्हत्या.

दुर्गाडीच्या पुलावरून खाडी ओलांडताना हौसाबाईंनी डॅशबोर्डवरून हात फिरवला, बैलाच्या वशिंडावरून फिरवावा तसा. विनीतला वाटलं, आता काही विचारतील. त्या म्हणाल्या, "सावकाश चालव. घाई न्हाई आपल्याला."

भिवंडीच्या बाहेर पत्र्याच्या कुंपणाचं यार्ड होतं. आत परत आलेल्या गाड्यांच्या रांगा. कुणाच्या काचेवर देवाचं नाव, कुणाच्या आरशाला बाळाचा बूट.

मुकुल जेमतेम पंचविशीचा, इस्त्रीचा शर्ट, मान खाली घालून बोलणारा. त्यानं गाडीभोवती फेरी मारली. "दादा, इतकी स्वच्छ गाडी इथं कुणी आणत नाही." मग जॅक, स्टेपनी, ताडपत्री असं एकेक तपासत आला आणि टपावरून सोडलेल्या दोराशी थांबला. हौसाबाई तो दोर सोडवून हातावर गुंडाळत होत्या.

"आजी, दोर राहू द्या. गाडीबरोबर जमा होतो तो."

"आरं बाबा, बैल देत्यात, दावं देत न्हाईत. दावं घरच्या खुंटीला ऱ्हातं. नायतर गोठा कायमचा मोडतो. तुमच्यात ठावं न्हाई का?"

मुकुलनं विनीतकडं पाहिलं. आणि गाडी, पाटल्या, दीड वर्षाचे हप्ते, सगळं मुकाट सोडून दिलेला विनीत त्या दोरासाठी ओरडला. "एवढा दोर नाही सोडणार तुमची कंपनी? सगळं घेतलंत ना! दोरावर काय चालणार आहे तुमचं?"

यार्डातली दोन माणसं वळून बघायला लागली. मुकुल लाल झाला. हातातला कागद त्यानं पुन्हा वाचला, अगदी सावकाश. मग हळूच म्हणाला, "दोर लिहिलाय, दादा. किती लांब, ते लिहिलेलं नाही." आणि पाठ फिरवून तो पुढच्या गाडीचा नंबर बघायला गेला.

विनीतनं टूलबॉक्समधला सुरा काढला. हातभर दोर कापला. हौसाबाईंनी तो कपाळाला लावला, भाकरीच्या फडक्यात बांधला. भाकरी तशीच होती.

जाताना त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. वळून पाहिलं तर जनावराचा पाय निघत नाही, असं त्या मानायच्या. विनीतनं मात्र पाहिलं. धुतलेला ट्रक त्या धुळीत एकटाच चकाकत होता.

घरी येऊन हौसाबाईंनी उंबऱ्यालगतच्या खिळ्याला दोर अडकवला आणि तिथंच खाली बसल्या. मोहन्यातली संध्याकाळ नेहमीसारखी: कुणाकडं कुकरच्या शिट्ट्या, कुणाकडं पोरांचा गलका. दारासमोर ट्रकच्या चार तेलकट डागांमध्ये मोकळी जागा. विनीत आत आडवा पडला होता, डोळ्यांवर हात घेऊन. त्याला वाटलं, आई ओवी म्हणेल. तो वाट बघत राहिला.

खूप वेळानं त्यांचा आवाज आला. ओवी नव्हती.

"विनीत."

"हं."

"आता पुन्यांदा दुसऱ्याची गाडी चालवशील न्हवं?"

"चालवावी लागेल."

"मग येक ध्यानात ठेव, लेकरा." त्या दोराकडं बघत होत्या. "बेंदराला सुट्टी मागू नगंस."