काळे निघालेले फोटो

मित्रांनो, या घरात मला आता ‘तो डबा’ म्हणतात. मी एक जुना कॉम्प्युटर आहे आणि माझ्यावर एक आळ आहे. आळ खोटा आहे. मोठ्यांना सांगून उपयोग नाही, त्यांना नातीगोती सांभाळायची असतात. म्हणून तुम्हाला सांगतो.

माझा जन्म मोठ्या कारखान्यात वगैरे झाला नाही. जिन्याखालच्या एका अरुंद दुकानात मेकॅनिकने सुटे भाग जोडून मला उभे केले. पेटी एका कंपनीची, पंखा दुसरीचा, डीव्हीडीचा ट्रे तिसरीचाच. “मुलगी कॉलेजला जाईपर्यंत चालेल हो,” तो म्हणाला. मुलगी कॉलेज संपवून नोकरीलाही लागली, तरी मी चालतच होतो. हे मात्र कुणी बोलून दाखवत नाही.

घर लहान होते. बाबा कुलपे दुरुस्त करायचे, आई इस्पितळात नर्स होती. सुरुवातीला माझे लाड काय विचारता! आईने जुन्या पडद्यातून मला झालर लावलेले आवरण शिवले होते. माझ्या टेबलाजवळ चहाचा कप आणायला बंदी होती. ड्यूटीवरून आली की ती गणवेशातच माझ्यासमोर बसून पत्त्यांचा डाव मांडायची. हरली की म्हणायची, “हा मेला पत्ते लपवतो.” मी काहीही लपवत नव्हतो. पण तिचे बोलणे मला लागत नसे.

मग मुलीने लॅपटॉप घेतला आणि दुसऱ्या गावी नोकरीला गेली. गरज सरो, वैद्य मरो! माझे आवरण आधी खुर्ची पुसायला गेले आणि नंतर फरशी पुसायला. माझ्या डोक्यावर नाव न लिहिलेल्या डीव्हीडींचा ढीग साचला.

आणि एके दिवशी आई गेली. चार दिवसांचा ताप, तिचेच इस्पितळ, आणि तिथून ती घरी आली नाही. भिंतीवर लावायला तिचा फोटो हवा होता, तेव्हा सगळ्यांच्या लक्षात आले की तिचा धड एक फोटो घरात नाही. घरातले फोटो काढायची तीच. बाबा होते, मुलगी होती, मावशी होती, मावशीचे यजमान तर प्रत्येक फोटोत मधोमध होते. आई तेवढी नव्हती. ओळखपत्रावरचा फोटो होता, पण तो घासून गेला होता. त्यातले नाक कुणाचेही म्हणून खपले असते.

आईच्या वॉर्डातल्या मोठ्या सिस्टर एक डीव्हीडी घेऊन आल्या. नर्सेसच्या स्नेहसंमेलनाचे चित्रण होते ते. “शूटिंगवाल्याचं दुकान कधीच बंद झालं. आमच्याकडे ही एकच आहे, पण तुम्हीच ठेवा,” त्या म्हणाल्या. बाबांनी ती माझ्या ट्रेमध्ये ठेवली. संगीत खुर्चीचा खेळ चालला होता. आई पाठमोरी खुर्च्यांभोवती पळते, गाणे थांबते, बाकीच्या बसतात. ती एकटी उभी राहते, वळते आणि खो खो हसते. बाबांनी तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा लावला. मी कुरकुर न करता दाखवला. त्यांना तोच चेहरा भिंतीवर हवा होता, दुसरे काही नको होते.

चालत्या चित्रातून फोटो काढायचा कसा, हे बाबांना कळेना. तेव्हा त्यांचे साडू, म्हणजे ते मधोमध उभे राहणारे मावशीचे यजमान, धावून आले. उंटावरचा शहाणा म्हणजे काय ते मी त्या दिवशी पाहिले.

“अहो, डाव्या हातचा मळ आहे माझ्या! चित्र थांबवायचं, पडद्याची कॉपी घेणारं बटण दाबायचं आणि चित्रकलेच्या पानावर चिकटवायचं. बघा, आल्या की नाही ताई?”

पानावर आई हसत होती. बाबांचे डोळे भरून आले.

मित्रांनो, इथे नीट लक्ष द्या. माझ्या पिढीची यंत्रे चालते चित्र निराळ्या वाटेने दाखवतात. मी पडद्यावर एक काळी चौकट ठेवतो आणि फक्त तिच्या काळ्या रंगावर चित्र सोडतो. बटण दाबले की कॉपी होते ती रिकाम्या चौकटीची. ती पानावर चिकटवली की तोही काळाच रंग, म्हणून डीव्हीडी चालू असेपर्यंत चित्र तिच्यावरही दिसत राहते. फोटो आला असे वाटते. प्रत्यक्षात पानावर काळ्या रंगाखेरीज काही नसते.

साडूंनी असे सात-आठ फोटो काढले. बाबांनी कुलपाच्या किल्लीला खूण करावी तितक्या काळजीने त्यांना नावे दिली : ‘वळताना’, ‘हसताना’, ‘हसून झाल्यावर’.

“डीव्हीडी बंद करून फोटो एकदा उघडून बघायचे का?” बाबांनी विचारले.

“कशाला? नाव दिलं, सेव्ह केलं, संपलं! तुम्ही म्हणजे कुलूप लावून दहादा ओढून बघणारे!”

बाबा ओशाळून हसले आणि त्यांनी मला बंद केले. मला वाचा असती तर मी ओरडलो असतो. डीव्हीडी माझ्या डोक्यावरच्या ढिगात गेली. कोणता फोटो मोठा करायचा ते मुलगी आल्यावर ठरवू, असे बाबा म्हणाले.

मधल्या काळात गॅलरीत कबुतरांनी उच्छाद मांडला. साडूंना उपाय ठाऊक नाही असा विषयच नाही. चकाकत्या तबकड्या टांगल्या की कबुतरे फिरकत नाहीत म्हणे. एका रविवारी, बाबा दुकानात असताना, त्यांनी ढिगातून हाताला लागल्या तेवढ्या डीव्हीडी उचलल्या, सुतळीत ओवल्या आणि गजांना बांधल्या. बाबांनी संध्याकाळी पाहिले आणि ते म्हणाले, “बरं केलंत.” फोटो तर माझ्या पोटात सुखरूप होते ना!

काही महिन्यांनी मुलगी रजा घेऊन आली. तिने मला सुरू केले आणि ‘हसताना’ उघडला.

“बाबा, हे काळं आहे.”

“खाली सरकव जरा. खाली असेल.”

“खालीही काळंच आहे. सगळेच काळे आहेत, बाबा.”

“असं कसं होईल? मी डोळ्यांनी बघितलंय. तू आधी डीव्हीडी लाव, मग दिसेल.”

डीव्हीडी ढिगात नव्हती. ती सापडली गॅलरीत. उन्हापावसाने तिची चकाकी उडाली होती, सुतळीने आणि गजाने घासून पाठीवर ओरखडे पडले होते. कबुतरे मात्र तिच्या शेजारीच बसली होती.

मुलीने ती मऊ फडक्याने पुसली आणि माझ्या ट्रेमध्ये ठेवली. काळी चौकट कशी घालवायची ते तिला माहीत होते. माझी एक सेटिंग बदलली आणि काम झाले, इतके ते सोपे होते. मी जीव तोडून वाचू लागलो. खुर्च्या आल्या. गाणे आले. आई पाठमोरी पळताना आली. ती वळणार एवढ्यात चित्राचे चौकोन चौकोन झाले आणि सगळे थिजले. मी मागे गेलो, पुन्हा आलो, हळू फिरलो, जोरात फिरलो. पंखा तापून वास यायला लागला. तेवढ्या जागी ओरखडा आरपार होता. त्यापुढचे मला काही दिसत नव्हते.

“पुरे, बाबा,” मुलगी म्हणाली. बाबा हलले नाहीत. शेवटी तिने चित्र जिथपर्यंत शाबूत होते तिथला फोटो काढला. त्यात आईची वेणी आहे, खांदा आहे आणि एक कान आहे. मुलीने बाबांना काळ्या चौकटीची गोष्ट समजावून सांगितली. बाबांना ती समजली. हे मी मुद्दाम सांगतो आहे.

तोच फोटो मोठा करून भिंतीवर लागला. पुढच्या रविवारी साडू आले, चष्मा वर करून बघत राहिले.

“पाठमोरा का हो लावलात? समोरचे इतके छान काढून दिले होते मी!”

मुलीने तोंड उघडले. बाबांनी तिच्या हातावर हात ठेवला.

“मशीन जुनं हो,” ते म्हणाले. “त्यानं खाल्ले सगळे.”

“तरी मी म्हणत होतो, हा डबा काढून टाका!” असे म्हणून साडूंनी चहा मागितला आणि कप माझ्याच डोक्यावर ठेवला.

चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय! साडू दर रविवारी येतात, बाबांशी दोन शब्द बोलतात. तेवढ्या दोन शब्दांसाठी बाबांनी मला चोर ठरवले. त्यांचे दुःख मला कळते. पण मी त्यांना माफ केलेले नाही. उद्या भंगारवाला मला न्यायला येणार आहे, आणि माझ्याबरोबर ते सात-आठ काळे फोटो त्यांच्या नावांसकट जातील.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा असे सांगून मी तुम्हाला कंटाळा आणणार नाही. आमच्यावरची धूळ पुसता येते. पण घरात जो सगळ्यांचे फोटो काढत असतो, त्याच्या हातातून कॅमेरा घ्या आणि त्याला समोर उभे करा. फोटो काढा, बंद करा, पुन्हा उघडा, आणि चेहरा दिसतो आहे का ते तिथल्या तिथे, तो माणूस समोर असतानाच बघा.