मधली जागा

चाचणीसाठी मी माझेच नाव घेतले होते : वैशाली सुधाकर पाठराबे. चौकटी कंसात नाव, मधले नाव, आडनाव असे क्रमाने मांडले आणि ॲरेतला, म्हणजे ओळीने लावलेल्या यादीतला, पहिला शब्द पहिल्याकडे, दुसरा दुसऱ्याकडे, तिसरा तिसऱ्याकडे निमूट गेला. जावास्क्रिप्टमध्ये याला डिस्ट्रक्चरिंग म्हणतात. मराठीत एम.ए. करून या व्यवसायात आलेल्या मला ते बांधलेले गाठोडे एका ओळीत सोडण्यासारखे वाटे.

टी. टी. नगरमधल्या त्या लहानशा कार्यालयात माझ्या उमेदवारीचा तिसरा महिना संपत आला होता. शहरातल्या एका मराठी मंडळाच्या तीनशे अकरा सभासदांची ओळखपत्रे चार वाजता त्यांच्या पदाधिकाऱ्यांना दाखवायची होती. ती पसंत पडली तर मी कायम, असे माझे वरिष्ठ जयंतदादा यांनी सांगितले होते. ते मूळचे इंदूरचे. त्यांच्या मराठीतून हिंदी अधूनमधून डोके वर काढी.

बाराच्या सुमारास ओळखपत्रे चाळताना आईचे समोर आले. फोटोखाली छापले होते : नाव सरोज. पती पाठराबे. आडनाव अनडिफाइन्ड. जागेवर काही सापडले नाही की संगणक हाच शब्द छापतो.

आईने अर्जात दोनच शब्द लिहिले होते. नऊ वर्षांपूर्वी बाबा नागपूरला बदली मागून गेले आणि परतले नाहीत. तेव्हापासून ती मधले नाव लिहीत नाही. विजेच्या बिलावरूनही तिने ते हेलपाटे घालून काढवून घेतले. आणि आता तिच्याच मुलीने तिच्या आडनावाला तिचा नवरा करून टाकले होते.

ॲरे जागा ओळखतो, माणूस नव्हे. मधला गळला की मागचा पुढे सरकतो आणि शेवटची जागा उघडी पडते. दोनच शब्द असतील तर दुसऱ्याला आडनाव मानावे, असे मी लिहून पाहिले. लगेच केदार नीळकंठ नावाचे सभासद बिघडले. त्यांनी आडनावच लिहिले नव्हते, नीळकंठ हे वडील. दोन शब्दांतून कोणता हरवला आहे, ते मोजून कळत नाही. अशा सात ओळी निघाल्या.

जयंतदादांनी मागे उभे राहून पडद्याकडे पाहिले. "इतकं काय डोकं लावतेस? पप्पांचं नाव टाकून दे ना. रकाना भरला, किस्सा खतम."

आई ते लिहीत नाही, असे मी म्हटले.

"अगं, कार्ड आहे ते. कविता थोडीच आहे."

सहा जणांना फोन केले. सातवा अवधपुरीला, घरी. मधली जागा रिकामी ठेवू का, असे मी आईला विचारले.

"रिकामी नको," ती म्हणाली. "जागाच नको. रिकामी दिसली की लोक विचारतात, कोणाची."

मी चौकटी कंस पुसला आणि महिरपी घातला. ऑब्जेक्टमधून प्रत्येक गोष्ट तिच्या नावानेच मागता येते. क्रमाला तिथे किंमत नसते, आणि जे नाही ते मागितले नाही म्हणून काही अडत नाही. पण त्यासाठी कोणता शब्द कोण आहे, हे आधी ठरवावे लागते. तीन शब्दांच्या ओळींवरही आता माझा विश्वास उरला नव्हता. विदर्भातून आलेली कितीतरी कुटुंबे आडनाव आधी लिहितात. मी एकेक अर्ज वाचत बसले. चार वाजले. पदाधिकारी आले, चहा घेऊन साडेचारला गेले. काम झाले तेव्हा सव्वापाच झाले होते.

जयंतदादा रागावले नाहीत. उमेदवारी आणखी तीन महिने चालेल, एवढेच त्यांनी सांगितले. तेही मोबाइलमध्ये पाहत.

आईला तिचे ओळखपत्र पाठवले. सरोज पाठराबे. दोन शब्दांमध्ये एका अक्षरापुरतेच अंतर. तिचा लगेच निरोप आला : छान. तुझंही पाठव.

मी माझे उघडले. तिन्ही शब्द आपापल्या जागी होते. ही ओळ पहिल्यापासून एकदाही चुकली नव्हती. मधला शब्द मी निवडला. तो निळा झाला. अर्जात तो मीच लिहिला होता, विचारही न करता.

आईला कळवले की माझे अजून झालेले नाही.